मिग-२१ चे मॉडेल आणि चंदेरी पडलेले डिकल

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या तिघांनी या विमानाचे प्लास्टिकचे मॉडेल जोडण्याचे किट घेतले आणि तिघांनीही मला एकच प्रश्न विचारला, की सुरुवात कुठून करावी. त्यांना जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात होते. १९६४ साली मिग-२१ च्या बांधणीसाठी उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यातून ते निवृत्त होणार होते, तेव्हा त्यांना देण्यासाठी मी १/४८ प्रमाणातले मिग-२१ बिस (या विमानाचा एक प्रकार) बांधायला घेतले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे. मॉडेलमध्ये तो जेमतेम १५ सेंटिमीटर भरतो. त्या १५ सेंटिमीटरांवर मी चार महिने घालवले आणि शेवटच्या दोन संध्याकाळी ते सगळे काम बिघडवले.

जोडणीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण ती माहितीपत्रकात असते. कॉकपिट आणि पुढच्या चाकाचा कप्पा आधी पूर्ण रंगवून मगच धडाचे दोन भाग चिकटवावेत. जोडाची रेघ पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासावी. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, सुपरग्लूने कधीही चिकटवू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होते, म्हणून तेथे साधा पांढरा डिंकच वापरावा. मॉडेलवरचे रंगाचे डाग पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर चालते, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. त्यातले ॲसिटोन पॉलिस्टायरिन विरघळवते आणि काही क्षणांत पंखाचा पृष्ठभाग चिकट लगदा होतो.

आता मी जेथे फसले ते सांगते. विमानाला फिकट करडा मॅट (न चकाकणारा) रंग दिला होता आणि तो सुरेख बसला होता. भारतीय खुणांचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील चित्रे, वेगळे मागवले होते. ज्यांना मी या छंदातले गुरू मानत होते, त्यांनी सांगितले की डिकल थेट रंगावर लावावेत, वरून वार्निशचा हात दिला की सगळे एकजीव होते. मी तसेच केले. ओले असताना केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या वर्तुळांची ती खूण रंगवल्यासारखी दिसत होती. सकाळी खिडकीशी विमान तिरपे धरले, तेव्हा प्रत्येक वर्तुळाभोवती आणि प्रत्येक बारीक अक्षराभोवती चंदेरी, दुधाळ कडा उमटली होती. वार्निश दिल्यावर ती गेली तर नाहीच, उलट कायमची झाकली गेली.

यामागचे कारण नीट समजून घ्या. डिकलची छपाई एका पारदर्शक पापुद्र्यावर असते आणि तो पापुद्रा खुणेच्या कडेबाहेरही थोडा पसरलेला असतो. मॅट रंग हाताला गुळगुळीत लागला तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. किंबहुना तो मॅट दिसतो तो त्या खडबडीतपणामुळेच. पापुद्रा त्या उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत हवा अडकते आणि त्या हवेवरून परतणारा प्रकाश आपल्याला चंदेरी दिसतो. वरून कितीही वार्निश दिले तरी ते पापुद्र्याच्या वरच राहते, खालच्या हवेपर्यंत पोहोचत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नाही, याचे वाईट आजही वाटते.

म्हणून मॅट रंगावर आधी ग्लॉस क्लिअरचे, म्हणजे चकचकीत पारदर्शक वार्निशचे, दोन पातळ हात द्यावेत आणि किमान दोन दिवस थांबावे. मग डिकल कोमट पाण्यातून काढून जागेवर सरकवावा, ओल्या कापसाने मधून कडेकडे हलके दाबावा आणि वर डिकल मऊ करणारे द्रावण लावावे. थोड्या वेळाने तो सुरकुततो. येथे घाबरून बोट लावू नका. वाळताना तो आपोआप ताणला जाऊन पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) कोरलेल्या रेषांत बसतो. अगदी शेवटी सगळ्यावर मॅट क्लिअर द्यावे, म्हणजे चकाकी जाते. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लॅकरचा स्प्रे टाळावा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो.

तुमचे डिकल आधीच चंदेरी पडले असतील आणि वर वार्निश दिले नसेल, तर अजून उपाय आहे. बारीक सुईने त्या जागी टोचून तेच द्रावण दोन-तीन वेळा पाजावे. पूर्ण नाही, पण बरेच सुधारते.

एअरब्रशची (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या उपकरणाची) घाई करू नका. चांगल्या ब्रशने पातळ रंगाचे तीन हात दिले तर पहिले विमान उत्तम होते. तो खर्च वाचवून एक प्लास्टिकचा चमचा मात्र जरूर घ्या. त्याला विमानाचाच मॅट रंग द्या, अर्ध्या भागावर ग्लॉस चढवा, आणि शीटवरचा नको असलेला डिकल दोन्ही भागांवर अर्धा-अर्धा येईल असा लावा. दुसऱ्या दिवशी तो चमचा खिडकीच्या उजेडात तिरपा धरून बघा आणि मगच विमानाला हात लावा.