जुन्या शिडाच्या होडीच्या तारा बदलताना

डोलकाठी उभी धरणारी तार क्वचितच मधोमध तुटते. तुटते ती टोकाशी, म्हणजे जिथे ती स्वेज फिटिंगमध्ये (तारेवर दाबून बसवलेल्या धातूच्या टोकात) शिरते तिथे. बहुतेक वेळा हे टोक खालचे असते, कारण पावसाचे आणि खारे पाणी तारेवरून ओघळत येऊन फिटिंगच्या तोंडाशी साचते. म्हणून हे काम ‘नव्या तारा’ एवढ्यापुरते धरू नका. डोलकाठीवरच्या पिनपासून डेकखालच्या चेनप्लेटच्या (तारेचे खालचे टोक होडीला जोडणाऱ्या पट्टीच्या) बोल्टपर्यंतची प्रत्येक कडी तपासायची आहे. सगळ्यात कच्ची कडी जेवढी मजबूत, तेवढीच डोलकाठी सुरक्षित.

तारा कधी बदलायच्या? साधारण १० ते १५ वर्षे हा सर्वमान्य ठोकताळा आहे. खाऱ्या पाण्यात, उष्ण हवेत आणि जोरदार वापरात १० वर्षांच्याच बाजूला राहावे. तारांचे वय माहीतच नसेल, तर त्या जुन्या समजून बदला. एकही पदर तुटलेला दिसला, स्वेजवर केसासारखी उभी चीर दिसली किंवा फिटिंग केळ्यासारखे वाकलेले असले, तर ती तार त्याच दिवशी बाद. एक गेली म्हणजे तिच्या वयाच्या बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. आवरणाखाली पाणी अडकते आणि गंज दिसतच नाही.

डोलकाठी उतरवण्याआधी

लहान होडीची डोलकाठी उतरवूनच हे काम करावे. उभ्या डोलकाठीवर एकेक तार बदलता येते, पण वरच्या पिना आणि टँग (डोलकाठीवरच्या, तार अडकवायच्या पट्ट्या) नीट पाहता येत नाहीत. हातात असतानाच त्या तपासता येतात, आणि जुन्या होडीत दोष तिथेच लपलेला असतो.

काहीही सैल करण्याआधी हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला किंवा तारेला) वजन बांधून ते लोंबकळत सोडा आणि बूमच्या (शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या) पातळीवर डोलकाठीपासून ते किती मागे येते ते लिहून ठेवा. डोलकाठीचा कल पुन्हा जुळवताना हा आकडा लागतो. प्रत्येक टर्नबकलचे (फिरवून तार आवळायच्या आट्यांच्या जोडाचे) किती आटे बाहेर आहेत त्याचे फोटो घ्या आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा : ‘डावी वरची’ (डोलकाठीच्या वरच्या भागाला जाणारी), ‘उजवी खालची’ अशी.

टर्नबकल जवळजवळ पूर्ण बंद झालेली दिसली, तर थांबा. तार थोडी ताणली गेली असेल, पण डेकवर टेकणाऱ्या डोलकाठीच्या बुंध्याखालचा लाकडी गाभा कुजून दबला असण्याची शक्यता जास्त. बुंध्याभोवतीचा डेक खोलगट झाला आहे का, बुटाने दाबल्यावर पाणी येते का, ते पाहा. गाभा दुरुस्त न करता आखूड तारा मागवल्या, तर वर्षभरात त्याही सैल होतील.

माप

जुनी तार सपाट जमिनीवर ठेवा, एक टोक अडकवून दुसरे हाताने चांगले ताणा आणि स्टील टेपने मोजा. माप पिन ते पिन, आणि भोकाच्या मध्यापासून नव्हे तर पिन ज्या कडेवर टेकते तिथून. डाव्या-उजव्या जोडीच्या मापात काही मिलिमीटरचा फरक चालतो. तो १५ मिमीच्या पुढे गेला, तर आधीच्या मालकाने एक बाजू चुकीची करून घेतलेली असते किंवा चेनप्लेट सरकलेली असते.

नवी टर्नबकल निम्म्याहून थोडी जास्त उघडी धरून हिशेब करा. नवी तार पहिल्या काही दिवसांत बसते आणि टर्नबकल बंद करत जावी लागते, म्हणून तिच्यात बंद व्हायला जागा हवी. तारेची लांबी म्हणजे पिन ते पिन मापातून टर्नबकल, टॉगल (सगळीकडे वळू देणारा बिजागरीसारखा जोड) आणि दोन्ही टोकांच्या फिटिंगची लांबी वजा करून उरते ती. आमचा आग्रहाचा सल्ला असा की वरचे टोक कारखान्यातून स्वेज करून घ्या, खाली १५० मिमी तार जास्त ठेवा आणि खालचे मेकॅनिकल टर्मिनल (हाताने आवळून बसवायचे टोक) होडीवरच बसवा. मापातली चूक मग महागात पडत नाही.

तार कोणती

३१६ प्रतीच्या स्टेनलेसची १×१९ तार घ्या : मध्ये एक पदर, भोवती सहा, त्यावर बारा. ती ताठ असते आणि कमी ताणली जाते. ७×१९ लवचीक असते. ती हॅलयार्डसाठी, इथे नव्हे. ३०४ प्रतीची तार थोडी जास्त ताकदीची असली तरी गंजाला लवकर बळी पडते.

जाडी मूळ होती तीच ठेवा. जाड तारेने वर वजन वाढते, आणि पिना व चेनप्लेट तेवढ्याच राहतात, म्हणजे ताकद काहीच वाढत नाही. जुन्या होड्यांत इंची आणि मेट्रिक भागांची सरमिसळ हा मोठा धोका आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, त्या भोकात ६ मिमीची पिन सहज जाते, खुळखुळते आणि भोक लांबट करते. प्रत्येक पिन कॅलिपरने मोजा.

मेकॅनिकल टर्मिनल

स्टा-लोक, नोर्समन यांसारख्या टर्मिनलचे तत्त्व एकच : शंकू आणि त्यावर आवळणारे कवच. आधी तारेला कापायच्या जागी टेप गुंडाळा आणि बारीक दात्यांच्या करवतीने सरळ कापा. पक्कड-कटरने टोक चपटे होते. मग कवच तारेवर चढवा. हे विसरले की सगळे पुन्हा उघडावे लागते. बाहेरचे बारा पदर शंकूच्या उंचीपेक्षा थोडे जास्त उलगडा आणि आतल्या सात पदरांच्या गाभ्यावर शंकू निमुळत्या बाजूने चढवा. गाभा शंकूबाहेर किती ठेवायचा ते निर्मात्याच्या पत्रकात असते. तंतोतंत तेवढाच ठेवा.

आता बाहेरचे पदर मूळ पिळाच्या दिशेने पुन्हा बसवा. शंकूला उभी फट असते. त्या फटीत एखादा पदर घुसला तर टर्मिनल निकामी. कवच वर ओढा, कोरडेच आवळा आणि पुन्हा उघडून पाहा. सगळ्या पदरांची टोके शंकूवर सारखी वळलेली दिसायला हवीत. मग आत सीलंट भरा, आट्यांना थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारे द्रव्य) लावा आणि शेवटचे आवळा. जोर लावून पिळू नका. पुढे कधी उघडले तर कवच पुन्हा चालते, शंकू मात्र नवा घ्यावा.

चेनप्लेट, टॉगल, पिना

चेनप्लेट काढून पाहिल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. स्टेनलेसला हवा लागते. डेकमधून जाणारा, सीलंटने वेढलेला दमट भाग नेमका हवेविना राहतो आणि तिथेच आतून पोखरतो. वरून चकचकीत पट्टी तिथे निम्मी झालेली असू शकते. डाय पेनिट्रंट मारून चिरा शोधा. शंका आली तरी बदला.

प्रत्येक तारेच्या खाली टॉगल हवाच, आणि फोरस्टेला (पुढच्या तारेला) दोन्ही टोकांना. शीड वाऱ्याने फुगले की फोरस्टे आडवी झुलते. टॉगल नसेल तर ती वाकण स्वेजच्या तोंडाशी जाते. टर्नबकल शक्यतो कांस्याचे घ्या, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस आटे एकमेकांत जाम होतात. लॅनोलिनचे ग्रीस लावा. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत जाणाऱ्या प्रत्येक स्टेनलेस स्क्रूला टेफ-जेल किंवा ड्युरालॅक हा गंजरोधक लेप लावा. कॉटर पिन (पिन निसटू न देणाऱ्या दोन पायांच्या बारीक पिना) नव्याच वापरा. पाय थोडेच फाकवा, मागे दुमडू नका. वर टेपचा एक वेढा पुरे. सगळी टर्नबकल हवाबंद गुंडाळली की पाणी आतच राहते.

स्प्रेडरचे (डोलकाठीपासून तार बाजूला ढकलणाऱ्या आडव्या दांड्याचे) टोक किंचित वर हवे, तारेचा वरचा आणि खालचा कोन सारखा येईल असे. टोक तारेला बांधून टाका. घसरलेला स्प्रेडर डोलकाठी पाडतो.

उभी करणे आणि ताण

वर विजेच्या तारा नाहीत याची आधी खात्री करा. सगळ्या पिना लावून होईपर्यंत डोलकाठीचा आधार सोडू नका.

आधी वरच्या बाजूच्या तारा. हॅलयार्डला स्टील टेप बांधून दोन्ही चेनप्लेटपर्यंतचे अंतर सारखे करा. दोन्ही बाजूंना आळीपाळीने सारखे फेरे द्या. मग फोरस्टे-बॅकस्टेने (पुढच्या-मागच्या तारांनी) कल जुळवा आणि शेवटी खालच्या तारा. शिडाच्या खाचेतून वर पाहा. रेघ सरळ दिसली पाहिजे.

ताण मोजायला गेज नसला तरी चालते. हाताने आवळलेल्या तारेला २ मीटरची काठी वरच्या टोकाशी टेपने बांधा आणि खालच्या टोकाशी तारेवर खूण करा. टर्नबकल आवळताना काठी आणि खूण यांत पडणारे प्रत्येक १ मिमी अंतर म्हणजे तुटण्याच्या ताकदीच्या ५%. १×१९ तारेला हे कोणत्याही जाडीत लागू पडते. वरच्या तारांना ३ मिमी, म्हणजे १५% पुरेसे आहे. २०% च्या पुढे जाऊ नका. होडीच वाकू लागते. खालच्या तारा थोड्या कमी.

मग वाऱ्यात जा. होडी १५ ते २० अंश कलली असताना वाऱ्याआडच्या तारा लोंबत असतील, तर किनाऱ्याला येऊन दोन्ही बाजूंना सारखे आवळा. पहिल्या दोन-तीन सफरींनंतर ताण पुन्हा तपासा, आणि मगच कॉटर पिनांचे पाय कायमचे फाकवा.