सेफ क्लस्टरची क्रश सेटिंग्ज बदलताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन आला. "सर, ड्रॉइंगची फाईल उघडंना झालीया. नुसतं गोल फिरतंय." शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा सेफ (Ceph) क्लस्टर, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेली एकत्र साठवण, मी सांभाळतो. पॅटर्नची ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, कास्टिंगचे फोटो, सगळं त्यावर. गडबड कुणी केली हे शोधावं लागलं नाही. दहा मिनिटांपूर्वी मीच केली होती.

क्लस्टर जुना. फायरफ्लायच्या काळात उभा केलेला आणि पुढं आवृत्त्या चढवत आणलेला (फायरफ्लाय, हॅमर, ज्वेल, ल्युमिनस ही सेफच्या आवृत्त्यांची नावं, जुनीकडून नवीकडं). सॉफ्टवेअर नवं झालं तरी क्रशची, म्हणजे डेटा कुठल्या डिस्कवर जाईल ते ठरवणाऱ्या गणिताची, ट्युनेबल्स (सेटिंग्ज) आपोआप बदलत नाहीत. ती फायरफ्लायचीच राहिली होती. त्यामुळं हेल्थमध्ये कायम इशारा: ट्युनेबल्स जुनी आहेत, किमान हॅमर हवीत. तो इशारा डोळ्यात खुपायचा. म्हणून ‘सेफ ओएसडी क्रश ट्युनेबल्स ऑप्टिमल’ एवढी एक ओळ मारली आणि चहाला गेलो.

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही महागड्या.

पहिली चूक डेटा किती हलेल याचा अंदाज न घेण्याची. कुठला ऑब्जेक्ट कुठल्या डिस्कवर आहे याची खतावणी क्रश ठेवत नाही, दरवेळी गणित करून पत्ता काढतो. गणिताचा नियम बदलला की पत्ते बदलतात, आणि डेटा नव्या पत्त्यावर जायला निघतो. ऑप्टिमल म्हणजे ज्वेल प्रोफाइल. त्यातलं ‘चूजलीफ स्टेबल’ हे सेटिंग चांगलंच आहे, एखादी डिस्क बाद झाल्यावर होणारी विनाकारण हलवाहलव ते कमी करतं. पण ते चालू करताना जवळपास प्रत्येक पीजीची (ऑब्जेक्टच्या गटाची) जागा बदलते. हॅमरचं तसं नाही. तिथं स्ट्रॉ-२ बकेट वापरायची मुभा मिळते (बकेट म्हणजे क्रशच्या नकाशातले होस्ट, म्हणजे सर्व्हर, रॅक असे गट; स्ट्रॉ-२ ही त्यातून जागा निवडायची नवी पद्धत), आणि जुन्या बकेट बदलल्या तरी डेटा तुलनेनं थोडाच हलतो. गंमत म्हणजे तो इशारा घालवायला हॅमर पुरेसं होतं!

दुसरी चूक क्लायंट न तपासण्याची. पत्त्याचं गणित क्लायंटही करतो, म्हणजे नवा नियम त्यालाही यायला हवा. ज्वेलच्या ट्युनेबल्सना लिनक्स कर्नल ४.५ लागतो, हॅमरला ४.१. आमच्या ड्रॉइंग विभागाच्या सर्व्हरवर उबुंटू १६.०४, कर्नल ४.४. एका आकड्यानं हुकलं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘फीचर सेट मिसमॅच’ची ओळ, शेवटी मिसिंग म्हणून ४ आणि पुढं १४ शून्यं. ही ओळ दिसली की डिस्क, केबल, स्विच यांच्या मागं लागू नका. आधी कर्नल बघा.

अशा वेळी काय करायचं? ‘नोबॅकफिल’ आणि ‘नोरिबॅलन्स’ हे डेटाची हलवाहलव थांबवणारे फ्लॅग लावा, प्रोफाइल हॅमरवर आणा, क्लायंट परत जोडले गेल्याची खात्री करा आणि मग फ्लॅग काढा. जेवढा डेटा तोवर हलला असेल तेवढा परतीच्या वाटेला लागतो, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. कर्नल सवडीनं बदला आणि ज्वेल त्यानंतर, शनिवारी रात्री.

तालीम कोरडी करता येते, हे मला तेव्हा माहीत होतं आणि तरी केली नाही. चालू ओएसडी मॅप (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) फाईलमध्ये उतरवून घ्या, क्रशटूलनं क्रश मॅपच्या प्रतीत बदल करा, मग ओएसडीमॅपटूलनं आधीची आणि नंतरची पीजी यादी काढून दोन्ही ताडून बघा. खऱ्या क्लस्टरला हातही लागत नाही.

आता वेट. ‘क्रश रिवेट’ आणि नुसतं ‘रिवेट’ एकच समजून फसणारे बरेच भेटतात. पहिलं म्हणजे डिस्कचं आकारमान, ४ टीबीच्या डिस्कला साधारण ३.६४. दुसरं ० ते १ मधलं, तात्पुरता लगाम. भरत आलेल्या डिस्कचं क्रश वेट उतरवलं की त्या होस्टचंही वेट उतरतं आणि भलत्याच होस्टवर डेटा धावायला लागतो. दोन्हीपेक्षा अपमॅप बॅलन्सर लावा, तो निवडक पीजी हलवून डिस्क सारख्या भरतो; मात्र सगळे क्लायंट ल्युमिनस किंवा त्याच्या पुढचे हवेत. आणि डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की निअरफुलचा इशारा येतो; ९० वर तिच्यात बॅकफिल, म्हणजे हलवलेला डेटा भरणं, थांबतं. ट्युनिंग करायचं ते त्याच्या आधी.

आमच्याकडं खरी कसोटी फेल्युअर डोमेनची, म्हणजे एकदम बंद पडू शकणाऱ्या गटाची; दोन प्रती अशा एकाच गटात ठेवायच्या नसतात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला की पुण्याहून एक डिस्कही येत नाही. शाहूपुरीतल्या एका ऑफिसात एक रॅक तळमजल्यावर, एक वर. तीन प्रती, डोमेन होस्ट. म्हणजे तिन्ही प्रती खालच्याच रॅकमध्ये पडू शकतात, आणि काही पीजींच्या पडल्याही होत्या.

यावर घाईनं डोमेन ‘रॅक’ केलं तर वेगळंच दुखणं. रॅक दोनच, नियम तीन मागतो. तिसरी जागा मिळत नाही आणि पीजी अंडरसाइज्ड राहतात, म्हणजे त्यांची एक प्रत कमी पडते. दोन रॅक निवडा, प्रत्येकात दोन होस्ट, साइज (एकूण प्रती) ४ आणि मिन-साइज (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २, असा नियम लिहिला की खालचा रॅक गेला तरी वरच्या दोन प्रतींवर काम चालतं. चौथ्या प्रतीची जागा जाते, हे मालकाला आधी सांगून ठेवा. मिन-साइज १ करून जागा वाचवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिथं आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मॉनिटर, म्हणजे क्लस्टरचा नकाशा सांभाळणारे आणि बहुमतानं चालणारे प्रोग्रॅम, तीन; त्यातले दोन तळमजल्यावर. खालचा रॅक बुडाला तर वर डेटा शाबूत, पण बहुमत नाही म्हणून क्लस्टर ठप्प. तीनपैकी दोन वर नेले. वरचा मजला गेला तरी हीच अडचण, पण पाणी खालूनच येतं.