कंटेनरमधील स्यूडो-टर्मिनल आणि डेव्हपीटीएस : या चुका टाळा

नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली फजिती पत्त्यावरून होते. सेक्टर १० ऐरोलीत आहे, वाशीत आहे आणि नेरुळातही आहे. नोडचे, म्हणजे उपनगराचे, नाव न सांगता नुसता सेक्टर सांगितला, तर रिक्षावाला त्याच्या ओळखीच्या सेक्टर १० मध्ये नेऊन सोडतो आणि त्यात त्याची काही चूक नसते. कंटेनर (प्रोग्रॅम इतरांपासून अलग ठेवून चालवण्याची चौकट) चालवणाऱ्या लिनक्स यंत्रावर /डेव्ह/पीटीएस/० या टर्मिनलच्या नावाची गत नेमकी अशीच असते. या नावाचे टर्मिनल यजमान यंत्रावर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या मूळ यंत्रावर, असते आणि प्रत्येक कंटेनरमध्येही असू शकते. या सगळ्यांचा डिव्हाइस क्रमांकही १३६:० असा एकच असतो. महाप्याच्या एका कार्यालयात आणि ठाण्यातल्या नौपाड्यातील सायंकाळच्या एका वर्गात अशी यंत्रे सांभाळताना ज्या चुका माझ्या हातून झाल्या किंवा इतरांच्या निस्तराव्या लागल्या, त्या बहुतेक ‘हे टर्मिनल कोणत्या नोडमधले?’ हा प्रश्न न विचारल्यामुळे झाल्या होत्या. (पथ, आज्ञा आणि पर्याय येथे देवनागरीत लिहिले आहेत, टंकताना अर्थातच त्यांचे मूळ रोमी रूप वापरावे.)

स्यूडो-टर्मिनल म्हणजे दोन टोकांची जोडी असते : मास्टर टोक टर्मिनल खिडकी किंवा एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, तर स्लेव्ह टोक आतल्या शेलकडे. एखाद्या प्रोग्रॅमने /डेव्ह/पीटीएमएक्स उघडले की त्याच्या हाती मास्टर टोक येते, आणि डेव्हपीटीएस या फाइल सिस्टीममध्ये त्याच क्षणी स्लेव्ह टोकाची नोंद उगवते. २००९ साली आलेल्या २.६.२९ या कर्नलपर्यंत (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) संपूर्ण यंत्रासाठी डेव्हपीटीएसची एकच प्रत असे, म्हणजे ती कितीही ठिकाणी माउंट केली, म्हणजे डिरेक्टरीला जोडली, तरी आत तीच टर्मिनले दिसत. २.६.२९ पासून ‘न्यूइन्स्टन्स’ हा पर्याय देऊन स्वतंत्र प्रत मागता येऊ लागली, आणि २०१६ च्या ४.७ पासून प्रत्येक माउंट आपोआप स्वतंत्र झाला. तो पर्याय आजही स्वीकारला जातो, पण त्याने काही फरक पडत नाही. इंटरनेटवरील बरीच जुनी टिपणे या तीन कालखंडांपैकी कोणत्या काळासाठी लिहिली आहेत हे सांगत नाहीत, आणि घोळाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

दार एकीकडे, घर दुसरीकडे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक /डेव्ह/पीटीएमएक्सच्या बाबतीत होते. कंटेनरची मूळ फाइल सिस्टीम हाताने बांधताना आपण जुन्या सवयीने एमकेनॉड वापरून ५:२ या पीटीएमएक्सच्या क्रमांकाचा नोड (इथे नोड म्हणजे उपकरणाची फाइल) तयार करतो, डेव्हपीटीएस मात्र सोयीच्या दुसऱ्याच डिरेक्टरीत माउंट करतो, आणि नोड तर आहे, मग टर्मिनल का मिळत नाही म्हणून डोके खाजवत बसतो. ४.७ पासूनचा नियम असा आहे की, ५:२ क्रमांकाचा नोड ज्या डिरेक्टरीत असेल त्याच डिरेक्टरीत ‘पीटीएस’ या नावाखाली कर्नल डेव्हपीटीएस शोधतो. तिथे माउंट सापडला नाही, किंवा सापडलेली वस्तू डेव्हपीटीएसचे मूळ नसून दुसरेच काही असले, तर उघडण्याची क्रिया फसते आणि ‘नो सच फाइल’ किंवा ‘नो सच डिव्हाइस’ अशी तक्रार पदरी पडते. एसएसएचने आत येणाऱ्याला याच दोषाचे रूप ‘पीटीवाय अॅलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड’ असे दिसते, आणि तो बिचारा एसएसएचची सेटिंग्ज तपासत बसतो.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे वेगळा नोड तयारच न करणे. डेव्हपीटीएसच्या प्रत्येक प्रतीत तिचा स्वतःचा पीटीएमएक्स नोड असतो. /डेव्ह/पीटीएमएक्स ही त्या आतल्या नोडकडे नेणारी सिमलिंक (दुसऱ्या पथाकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवावी किंवा आतला नोडच तिथे बाइंड माउंट करावा, म्हणजे तोच त्या पथावरही दाखवावा. यूजर नेमस्पेसमध्ये, म्हणजे आतला रूट बाहेर साधे खाते ठरतो अशा वेगळ्या व्यवस्थेत, चालणाऱ्या कंटेनरला तर दुसरा पर्यायही नाही, कारण तिथे एमकेनॉडला परवानगीच मिळत नाही. कंटेनरांच्या ओसीआय या प्रमाणकातही /डेव्ह/पीटीएमएक्स असेच असावे, असे सांगितलेले आहे.

पण इथे आणखी एक खाच आहे आणि तिने मला एकदा अख्खी दुपार फिरवले. आतल्या पीटीएमएक्स नोडच्या परवानग्या मुळात ०००० असतात. ‘पीटीएमएक्समोड’ हा पर्याय ०६६६ असा दिला नाही, तर तो नोड कोणालाच उघडता येऊ नये अशा स्थितीत राहतो. कंटेनरमधील रूटकडे मात्र बहुधा फाइलच्या परवानग्या ओलांडण्याची क्षमता असते, त्यामुळे रूट म्हणून चाचणी करणाऱ्याला सगळे सुरळीत दिसते आणि साधा वापरकर्ता आत आला की ‘परमिशन डिनाइड’ सुरू होते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या आपल्याकडच्या सुप्रसिद्ध उत्तराचे इतके चोख उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. म्हणून चाचणी नेहमी साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करावी.

तक्रारीच्या शब्दांवरून दोषाची जागा बरीचशी कळते. ‘परमिशन डिनाइड’ आले तर आधी पीटीएमएक्समोड पाहावा. ‘नो सच डिव्हाइस’ आले तर शेजारी खरोखर डेव्हपीटीएस आहे का ते पाहावे. त्यासाठी स्टॅट आज्ञा एफ पर्यायासह /डेव्ह/पीटीएसवर चालवली की फाइल सिस्टीमचा प्रकार दिसतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले तर सीग्रुपच्या (प्रक्रियांच्या गटांवर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) डिव्हाइस नियमांत ५:२ आणि १३६ या मेजर क्रमांकाची सर्व उपकरणे यांना मुभा आहे का, हे तपासावे.

जुन्या कर्नलवर नुसता माउंट करणे

महाप्याच्या कार्यालयात ३.१० कर्नलचे एक जुने बिल्ड यंत्र होते. एका सहकाऱ्याने क्रूट (एखाद्या डिरेक्टरीलाच मूळ मानून चालणारी चौकट) तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यात कोणताही पर्याय न देता डेव्हपीटीएस माउंट केले. क्रूट उत्तम चालले. अर्ध्या तासाने मात्र त्या यंत्रावर बसलेल्या इतरांना नवी टर्मिनल खिडकी उघडेना. ‘ग्रँटपीटी फेल्ड’ असा संदेश येऊ लागला, आणि स्क्रिप्टचा त्याच्याशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नाही. झाले होते ते असे : त्या कर्नलवर न्यूइन्स्टन्स न दिल्याने क्रूटला यजमानाचीच प्रत मिळाली होती, आणि माउंट करताना दिलेले, म्हणजे खरे तर न दिलेले, पर्याय त्या सामाईक प्रतीवर लादले गेले होते. यजमानाने मुळात लावलेला टीटीवाय गटाचा क्रमांक ५ आणि ०६२० हा मोड दोन्ही पुसले गेले होते.

तातडीचा उपाय सोपा आहे : /डेव्ह/पीटीएस हे जीआयडी ५ आणि मोड ६२० देऊन रीमाउंट करावे. नंतर स्क्रिप्टमध्ये न्यूइन्स्टन्स आणि पीटीएमएक्समोड घालावेत. ४.७ नंतरच्या कर्नलवर हा अपघात होत नाही, पण स्क्रिप्टमध्ये न्यूइन्स्टन्स राहू द्यावा. नव्याला तो बाधत नाही आणि जुन्याला वाचवतो.

यजमानाचे टर्मिनल आत नेणे

यजमानाची /डेव्ह/पीटीएस डिरेक्टरीच कंटेनरमध्ये बाइंड माउंट करण्याचा सल्ला अजूनही कुठे कुठे दिला जातो. तो मानू नये. यूजर नेमस्पेस नसेल तर आतला रूट हा यजमानाच्या दृष्टीनेही रूटच असतो, आणि मग यजमानावर काम करणाऱ्यांची सगळी टर्मिनले त्याच्या आवाक्यात येतात. याविषयी अधिक चर्चा करण्याचीही गरज नाही.

अधिक फसवा प्रकार नकळत घडतो. आपण यजमानाच्या शेलमधून एनएसएंटर वापरून कंटेनरच्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याला दिसणाऱ्या माउंटच्या मांडणीत, शिरतो, तेव्हा डेव्हपीटीएस नवे दिसते, पण हातातले टर्मिनल जुनेच, यजमानाच्या प्रतीतलेच राहते. तिथे टीटीवाय ही आज्ञा दिली की ती ‘नॉट अ टीटीवाय’ म्हणते, जरी आपण त्याच टर्मिनलवर टंकत असलो तरी. प्रॉक डिरेक्टरीतील आपल्या प्रक्रियेच्या ० क्रमांकाच्या फाइलची लिंक वाचली, तर ती /डेव्ह/पीटीएस/४ असे काहीतरी दाखवते. कंटेनरमध्ये त्या नावाचे टर्मिनल नसेल तर निदान काम अडते. असले, तर ते दुसऱ्याच कोणाचे तरी असते, कारण हा वाशीचा सेक्टर १० आणि तो नेरुळचा. ग्लिबसी या सी लायब्ररीचे टीटीवायनेम हे फंक्शन नावाबरोबर फाइल सिस्टीमची ओळख आणि आयनोडही (फाइलचा अंतर्गत क्रमांक) ताडून पाहते आणि जुळले नाही तर त्रुटी परत करते. हा त्याचा तुसडेपणा नाही, त्यामुळेच आपण परक्या टर्मिनलवर लिहिण्यापासून वाचतो. नुसत्या नावावर विसंबणारे प्रोग्रॅम मात्र गडबडतात. अशा वेळी स्क्रीन हा प्रोग्रॅम ‘कॅनॉट ओपन युअर टर्मिनल’ म्हणून बाहेर पडतो.

‘आत गेल्यावर आधी स्क्रिप्ट ही आज्ञा /डेव्ह/नलवर चालवा, मग स्क्रीन लावा’ हा तोडगा अनेकांना पाठ असतो, पण तो का चालतो हे क्वचितच कोणी सांगते. स्क्रिप्ट ही आज्ञा कंटेनरच्या आतून पीटीएमएक्स उघडते, त्यामुळे नवी जोडी कंटेनरच्या स्वतःच्या प्रतीत जन्मते आणि नाव व नोड यांचा मेळ बसतो. कंटेनर चालवणारे साधन स्वतः लिहीत असाल तर हेच काम आधीच करावे : जोडी कंटेनरच्या आत तयार करावी आणि मास्टर टोकाचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलची खूण) युनिक्स सॉकेटवरून बाहेर पाठवावा. कंटेनर चालवणारी रनसी ही आज्ञा हेच करते.

यजमानाचे टर्मिनल आत दिल्याचा एक सुरक्षेचा धोकाही आहे. टीआयओसीएसटीआय या आयॉक्टलने, म्हणजे उपकरणाला केलेल्या खास विनंतीने, टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरे घुसवता येतात, आणि कंटेनर संपल्यावर ती अक्षरे यजमानाच्या शेलने आज्ञा म्हणून वाचली जाऊ शकतात. कर्नल ६.२ पासून ही सोय सिस्कंट्रोलने, म्हणजे कर्नलच्या चालू सेटिंगने, बंद करता येते.

मास्टर टोक दुसऱ्या नेमस्पेसमधून आले असेल, तर स्लेव्ह उघडण्यासाठी पीटीएसनेमने नाव विचारून ते ओपन करणे ही चूकच समजावी. ते नाव जिथे उघडले जाते तिथल्या प्रतीतील टर्मिनल मिळते, आणि कंटेनरमधील खोडसाळ प्रक्रियेने त्या जागी भलतेच काही ठेवले असेल तर तेही मिळू शकते. यासाठी ४.१३ पासून टीआयओसीजीपीटीपीअर हा आयॉक्टल आहे. तो पथ न पाहता थेट मास्टरवरून त्याचेच स्लेव्ह टोक उघडून देतो.

‘सर, डिस्क भरली’

नौपाड्याच्या वर्गात एकाच यंत्रावर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र कंटेनर दिला होता. एका संध्याकाळी कळव्याहून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, डिस्क भरली. टर्मिनल उघडताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतंय.” त्याने डिस्कची जागा दाखवणारी डीएफ आज्ञा चालवून पाहिली होती आणि डिस्क निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. मागच्या बाकावरच्या कोणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फेरीत पीटीएमएक्स उघडले जात होते आणि बंद कधीच होत नव्हते.

डेव्हपीटीएसच्या प्रती स्वतंत्र झाल्या तरी एकूण जोड्यांची मर्यादा सामाईकच आहे, हे इथे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कर्नल.पीटीवाय.मॅक्स ही मर्यादा मुळात ४०९६ असते आणि कर्नल.पीटीवाय.रिझर्व्हमधील १०२४ जोड्या यजमानाच्या आरंभीच्या माउंट नेमस्पेसमधून माउंट केलेल्या प्रतींसाठी राखीव असतात. म्हणजे सगळे कंटेनर मिळून सुमारे ३०७२ जोड्यांवरच अडतात, आणि त्या एका कंटेनरने खाल्ल्या तर बाकीच्यांची उपासमार होते. प्रशासकाला मात्र यजमानावर टर्मिनल मिळत राहते, आणि राखीव जागेचा हेतूच तो आहे. मला त्या दिवशी एसएसएचने आत जाता आले ते त्यामुळेच.

कर्नल.पीटीवाय.एनआर वाचला की सध्याची एकूण संख्या कळते. हा आकडाही सबंध यंत्राचा असल्याने कंटेनरमधून वाचला तरी तोच दिसतो, त्यावरून दोषी कंटेनर सापडत नाही. त्यासाठी यजमानावर उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ आज्ञा चालवून कोणत्या प्रक्रियेने किती पीटीएमएक्स उघडे धरले आहेत ते मोजावे. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक कंटेनरचे डेव्हपीटीएस माउंट करताना ‘मॅक्स’ हा पर्याय देणे. वर्गात मी तो ६४ ठेवला. हा पर्याय आणि राखीव जागा दोन्ही ३.४ या कर्नलपासूनच्या आहेत, त्याआधी पीटीवाय.मॅक्स हीच प्रत्येक प्रतीची मर्यादा असे, त्यामुळे जुन्या यंत्रावरचे आकडे नव्या यंत्राला जसेच्या तसे लावू नयेत. आणि मॅक्स न देता नुसती सामाईक मर्यादा वाढवणे म्हणजे गळक्या टाकीला मोठा पाइप जोडणे होय.

रूटविना चालणारे कंटेनर

इथे डेव्हपीटीएसचा माउंटच ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून नाकारला जातो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते. नेहमीच्या कॉन्फिगरेशनमधून उचललेला जीआयडी ५ हा गट त्या यूजर नेमस्पेसमध्ये मॅपच केलेला, म्हणजे यजमानाच्या गटाशी जोडलेला, नसतो, त्यामुळे कर्नलला तो क्रमांक अर्थहीन वाटतो. उपगटांचे क्रमांक वापरकर्त्याला नेमून देऊन मॅपिंग वाढवावे, किंवा तो पर्याय काढून टाकावा. रनसीला रूटविना चालण्याचे कॉन्फिगरेशन तयार करायला सांगितले तर तीही जीआयडी ५ गाळूनच देते. गट न दिल्यास स्लेव्ह टोकाला पीटीएमएक्स उघडणाऱ्या प्रक्रियेचाच गट मिळतो. एका वापरकर्त्याने दुसऱ्याच्या टर्मिनलवर राइट किंवा वॉल या आज्ञांनी निरोप पाठवण्यापुरता टीटीवाय गट लागतो, आणि एकट्या वापरकर्त्याच्या कंटेनरमध्ये निरोप पाठवायला दुसरे कोणी नसतेच.