परत गेलेलं गिऱ्हाईक वहीत कसं धरायचं

दादरला आमचं उकडीच्या मोदकांचं छोटं दुकान आहे. रोज किती माल करायचा याचा अंदाज कॉम्प्युटरकडून घ्यावा, म्हणून सासूबाईंची विक्रीची वही मी शीटमध्ये उतरवायला घेतली, तेव्हा एक गोष्ट खटकली. कितीतरी मंगळवारी आकडा बरोब्बर ३००. मागणी इतकी नेमकी नसते. मोदक तीनशेच केले होते, ते संपले, आणि नंतर आलेली माणसं वहीत कुठेच नव्हती.

म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी दोन रकाने वाढवा: माल किती वाजता संपला, आणि त्यानंतर किती नग मागितले गेले. काउंटरमागे पाटीवर खडूने रेघा मारल्या तरी पुरे. हे न करता नुसती विक्री मशीन लर्निंगला, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज करायला शिकणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिलीत, तर ते तुम्हाला कायम कमीच माल करायला सांगेल.

मग तारखा. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. ‘गेल्या वर्षी याच तारखेला’ हा हिशेब इथे फसतो. पंचांग घेऊन बसा आणि प्रत्येक दिवसापुढे तिथी, संकष्टी, अंगारकी लिहा. १२ ऑगस्ट २०२५ ही अंगारकी होती. तिला साध्या मंगळवारांत मिसळलं तर मंगळवारची सरासरी उगाच फुगते. मासळीवाल्याला श्रावण आणि नारळी पौर्णिमा लागेल, वह्या-पुस्तकं विकणाऱ्याला शाळा उघडण्याचा दिवस. मुंबईत पाऊस मात्र सगळ्यांनाच लागतो.

मॉडेल, म्हणजे अंदाज सांगणारा प्रोग्राम, पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत फुकट बांधता येतं. पण आधी मागच्या चार मंगळवारांची साधी सरासरी काढा. शेवटचे तीन महिने झाकून ठेवा, त्याआधीच्या नोंदींवर मॉडेल शिकवा आणि झाकलेल्या दिवसांवर दोघांची चूक मोजा. दिवस पिसून वाटू नका. तसं केलं की मॉडेल पुढचे दिवस पाहून मागचे सांगतं. सरासरीच जिंकली, तर खुशाल तीच वापरा.

अंदाज मिळाला म्हणजे माल ठरला असं नाही. आमचा उरलेला मोदक दुसऱ्या दिवशी विकत नाही, म्हणजे समजा १८ रुपये गेले. कमी पडला तर १२ रुपयांचा नफा गेला. १२ भागिले ३० (१२ अधिक १८) म्हणजे ०.४: दहापैकी चार दिवस सगळी मागणी भागेल एवढाच माल करा, असं गणित म्हणतं. मला ते पटत नाही. नेहमीचं माणूस रिकाम्या हाताने गेलं तर पुढच्या संकष्टीला ते येईलच असं नाही. म्हणून मी तुटीचे २७ धरते. २७ भागिले ४५ (२७ अधिक १८), म्हणजे ०.६. मॉडेलकडून याच क्वांटाइलचा, म्हणजे दहापैकी सहा दिवस मागणी ज्याच्या आत राहील त्या आकड्याचा, अंदाज मागा.

वेबसाइटवरही माणसं अशीच परत जातात, फक्त ती दिसत नाहीत. एका वर्षी गणपतीचं बुकिंग रात्री नऊला उघडलं आणि पान अडकलं. ऑर्डरी कमी दिसल्या, आम्ही त्याला कमी मागणी समजलो. दुसऱ्या दिवशी फोनवर लोक सांगायला लागले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता साइटवर खोट्या गिऱ्हाइकांची गर्दी पाठवून ती किती झेपते हे तपासायला लोकस्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरते. तसंच जेमीटरही फुकट आहे. साइटची वेगळी प्रत करा, पेमेंट टेस्ट मोडवर ठेवा, होस्टिंगवाल्यांना कळवा. नुसतं पहिलं पान उघडू नका. मोदक निवडणं, पत्ता, पैसे भरणं, सगळा प्रवास चालवा. दहा माणसांपासून सुरू करून गेल्या वर्षीच्या सर्वांत गर्दीच्या मिनिटाच्या तिप्पट जा. सरासरी वेळ बघू नका. शंभरपैकी नव्वद जणांना एक सेकंद आणि दहांना वीस सेकंद लागले, तर सरासरी २.९ येते आणि सगळं ठीक वाटतं. ९५वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरपैकी पंच्याण्णव जणांचं काम जेवढ्या वेळात होतं तो आकडा, बघा, तिथे वीस दिसतील.

आमच्याकडे शिल्लक माल तपासताना प्रत्येक वेळी सगळ्या जुन्या ऑर्डरी चाळल्या जात होत्या. डेटाबेसला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी, लावल्यावर ते थांबलं. चाचणी संपल्यावर ऑर्डरींची बेरीज मालापेक्षा जास्त तर नाही ना, हेही तपासा. शेवटचा डबा दोघांनी एकाच क्षणी घेतला, तर साइट दोघांनाही हो म्हणू शकते.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. चाचणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, म्हणजे सापडलेली चूक दुरुस्त करून पुन्हा एकदा चालवायला वेळ मिळतो.