उंदीर जास्त वेळ पोहला म्हणजे पेप्टाइडने थकवा गेला का? असा पेपर कसा वाचायचा

सोया, मका वगैरेच्या पेप्टाइडने (म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांनी) थकवा जातो असं वाचलं की आधी टेस्ट कुठली ते बघा, बहुतेक वेळा उंदराच्या शेपटीला त्याच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आसपास वजन बांधून पाण्यात सोडतात आणि तो दमून बुडायला लागेपर्यंतची वेळ मोजतात (बिचारा!). आता गंमत अशी की काही उंदीर हातपाय न मारता नुसते तरंगत राहतात, पाणी गार असलं तरी वेळ बदलते, म्हणून नुसत्या मिनिटांवर जाऊ नका. रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात वाढतं ते) आणि युरिया (प्रोटीन मोडल्यावर बनतो तो) कमी, लिव्हर आणि स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) जास्त, असं सगळं एका दिशेने दिसलं तर जरा दम आहे म्हणायचं.

मग कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला पेप्टाइड न दिलेला गट, बघा. त्याला नुसतं पाणी दिलं असेल तर फरक पेप्टाइडचा की एक्स्ट्रा प्रोटीनचा, कसं कळणार? तेवढंच अख्खं प्रोटीन दिलेला ग्रुप हवाच.

डोस थेट आपल्या वजनाने गुणू नका हां, छोट्या उंदराचा (माऊसचा, रॅटचा नव्हे) मिग्रॅ प्रति किलो आकडा साधारण 12.3 ने भागतात, म्हणजे 500 मिग्रॅचे 40 मिग्रॅच्या आसपास, 60 किलोच्या माणसाला जवळपास 2.4 ग्रॅम, आणि तोही फक्त अंदाज.