एंड्युरो रायडिंग: मातीत बाइक घालताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की मावळ, मुळशी, वेल्ह्याच्या बाजूला रविवारी एक्सपल्स आणि हिमालयन या बाइकचे जथे दिसायला लागतात. त्यातले बरेच जण एखाद्या चढाच्या पायथ्याशी बाइक आडवी पडलेली असताना ‘अजून पॉवर पाहिजे होती’ असं एकमेकांना सांगत असतात. पॉवर पुरेशी असते हो. टायरमध्ये हवा जास्त असते आणि क्लचवरचं बोट घाईत असतं.

एंड्युरो, म्हणजे कच्च्या, खडबडीत वाटांवरचं लांब पल्ल्याचं रायडिंग, हे भन्नाट वेगाचं काम, हा सगळ्यात जुना गैरसमज. 1913 साली इंग्लंडमध्ये कार्लाइलला सहा दिवसांची जी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात कस लागायचा तो बाइक आणि माणूस किती टिकतात याचा. आजही एंड्युरोत चेकपॉइंटला उशिरा पोचलात तर दंड पडतो, तसाच लवकर पोचलात तरी पडतो. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत दरवर्षी 500 जण सुटतात, हातात चार तास असतात, आणि शेवटपर्यंत पोचणारे फार थोडे. तिथले जिंकणारे रायडर दगडांच्या राशीत चालण्याच्या वेगाने बाइक नेतात आणि तरीही तोल सांभाळतात. खरं कसब ते.

त्यामुळे ‘जास्त सीसी घेतली की जमेल’ हा हिशेबही चुकतो. स्पर्धेतली 300 सीसीची टू-स्ट्रोक साधारण 105 ते 110 किलोची असते. एक्सपल्स 160 च्या आसपास, हिमालयन 450 तर 200 ला टेकलेली. शिकणाऱ्याची बाइक दिवसात पंधरा वेळा पडते आणि ती उचलायची त्यालाच असते. चौथ्या वेळेनंतर सीसी कुणाला आठवत नाही.

आता उभं राहून चालवण्याबद्दल. ‘उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली येतो’ असं छातीठोक सांगितलं जातं. साफ चूक. तुम्ही उभे राहिलात की तो वरच जातो. फायदा वेगळाच आहे: बाइक तुमच्या खाली मोकळी हलते, गुडघे सस्पेंशनचं काम करतात आणि पुढची वाट लांबपर्यंत दिसते. हे मिळायला गुडघे थोडे वाकलेले, टाकी मांड्यांत हलकी धरलेली आणि हँडलवर जवळजवळ शून्य वजन हवं. बहुतेक जण पाय ताठ करून हँडलला लोंबकळतात. मग तासाभरात मनगटं भरून येतात आणि प्रत्येक धक्क्याला ॲक्सिलरेटर नकळत पिळला जातो. उभं राहिल्यावर कमरेत फार वाकावं लागत असेल तर हँडल वर घेणारे रायझर बसवा. आणि सतत उभं राहायचंच असंही नाही. निसरड्या सपाट वळणावर सीटच्या पुढच्या टोकाला बसून आतला पाय पुढे काढणं जास्त भरवशाचं.

‘मातीत पुढचा ब्रेक लावायचाच नाही’ हे तर पिढीजात ज्ञान झालंय. घट्ट मुरमावर सरळ जाताना पुढचाच ब्रेक जास्त थांबवतो. एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत. हँडल वळलेलं असताना किंवा खाली शेवाळ असताना मात्र त्याला हात लावू नका. उतारावर क्लच दाबून धरणं ही त्याहून महागात पडणारी सवय. इंजिनाची पकड सुटते, बाइक पळायला लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच सोडलेला, शरीर थोडं मागे, दोन्ही ब्रेक हलके. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर उतरण्याआधी बंद करा, नाहीतर घसाऱ्यावर पायातला ब्रेक नुसता थरथरत राहतो.

चढावर मध्येच बाइक बंद पडली तर? पुढचा ब्रेक दाबून उभं राहायला जाल तर वजन मागे गेलेलं असल्याने पुढचं चाक लॉक होऊनही घसरतं. इंजिन बंदच ठेवा, बाइक पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लच सोडा. मागचं चाक इंजिनाने धरलं जातं, म्हणजे क्लच हाच तुमचा हँडब्रेक. मग बाइकच्या वरच्या अंगाला उतरा, क्लच इंचाइंचाने दाबत मागचं चाक चढाच्या कडेला वळू द्या, बाइक आडवी झाली की हँडल उताराकडे फिरवा. खालच्या अंगाला कधीही उभं राहू नका.

टायरच्या हवेत दोन टोकं दिसतात. एक गट रस्त्याचीच हवा ठेवून जातो आणि ओल्या दगडावर टणाटण उडतो. दुसऱ्याने कुठे तरी ‘12 पीएसआय’ (हवेचा दाब मोजायचं एकक) ऐकलेलं असतं. ते ट्यूबच्या जड बाइकला दगडांत लावलं की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडी दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती. साधारण अंदाज असा: मऊ माती-चिखलात 16 ते 18, धारदार जांभ्यात किंवा मोठ्या दगडांत 20 ते 22. रिम-लॉक (टायर रिमला आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर फार खाली गेल्यावर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्वच उपटतो. छोटा पंप आणि गेज सोबत हवंच, कारण परतीचं डांबर या हवेवर चालवायचं नाही.

ओढा ओलांडताना सगळ्यांचं लक्ष सायलेन्सरवर. चालू इंजिनाचा धूर पाणी बाहेर ढकलत राहतो. धोका असतो एअर फिल्टरकडून आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून बाइक पाण्यात बंद पडली की स्टार्टरला हात नको. ढकलत बाहेर काढा, फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, प्लगची कॅप भोकापासून लांब धरा आणि मग स्टार्टर मारा. पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. ऑइल दुधट दिसलं तर तिथून पुढे टेम्पोच. गढूळ, वाहत्या पाण्यात आधी पायी जाऊन बघा. पायी जाववत नसेल तर बाइकही नेऊ नका.

चेन घट्ट म्हणजे चेन चांगली, असंही मानलं जातं. जास्त वर-खाली होणाऱ्या (लाँग-ट्रॅव्हल) सस्पेंशनमध्ये मागचं चाक हलताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सर्वांत ताणली जाते. दोन मित्रांना सीटवर बसवून बाइक त्या रेषेपर्यंत दाबा. तेव्हाही चेनला थोडी सैल राहता आली पाहिजे. नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग खर्चात घालतं.

ट्रेकिंगचे बूट चालतात, हेही विसरा. पायावर बाइक पडते तेव्हा घोट्याला आणि नडगीला कडक कवच लागतं.

राहिला प्रश्न कुठे चालवायचं याचा. ‘माळरान कुणाचं नसतं’ हे चूक आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा ठरू शकतं, आणि उघडा दिसणारा सडा (कातळाचं पठार) बहुतेक वेळा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. 2022 मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. पावसात त्याच कातळावर मातीच्या बोटभर थरात फुलं येतात, आणि मोठ्या गाठींचा नॉबी टायर तो थर एका फेरीत खरवडून काढतो. गावातल्या माणसाला विचारून बैलगाडीची चाकोरी धरा. ती वाट सहसा कुठे तरी पोचवतेच.