साहुल म्हणजे तीन दिवस, चार नव्हे

हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येतं आणि एक ते दहा देशी आणि चिनी मुळाच्या अशा दोन्ही पद्धतींनी मोजता येतात, असं धरून चालते. येत नसेल तर आधी तेवढं करा. मी इथे उच्चार देवनागरीत देतेय, पण तुमच्या वहीत कोरियन शब्द देवनागरीत लिहू नका. मी सहा महिने लिहिले आणि ती सवय मोडायला तेवढेच महिने गेले.

वारांची भीती बाळगू नका, ते आपल्याला जवळजवळ फुकट मिळतात. वॉल म्हणजे चंद्र, म्हणून वॉर्योइल सोमवार. इल म्हणजे सूर्य, म्हणून इर्योइल रविवार. मधले ह्वा, सू, मोक, कुम, थो म्हणजे अग्नी, पाणी, लाकूड, धातू, माती, आणि कोरियनमध्ये मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या ग्रहांची नावंही याच क्रमाने याच शब्दांवरून आहेत. म्हणजे आपलेच वार. एका संध्याकाळी होतात.

घड्याळाला जास्त वेळ द्या. तास देशी आकड्यांनी, मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांनी: साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप पुन'. 'से शी बान' म्हटलं तरी चालतं, बान म्हणजे अर्धा. मात्र दीड, अडीच, सव्वा, पावणे यांना तिथे वेगळे शब्द नाहीत. दीड वाजला तर सरळ 'हान शी बान'. आणि 'से शी' म्हणजे तीन वाजता, 'से शिगान' म्हणजे तीन तास. एवढं घोटाच.

आता माझा खड्डा. पुण्याजवळच्या एका कोरियन कंपनीत दुभाषी म्हणून माझा दुसरा आठवडा होता. सोमवारी तिथले ज्येष्ठ इंजिनिअर म्हणाले, साचा 'साहुल'नंतर येईल. सा म्हणजे चार, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी शॉपफ्लोअरवर सांगितलं, शुक्रवारी. साचा गुरुवारी आला. क्रेन शुक्रवारची ठरलेली, ट्रक दिवसभर गेटवर उभा. चूक पूर्णपणे माझी होती आणि ती अजून बोचते.

दिवस मोजायचे देशी शब्द वेगळेच आहेत: हारू एक, इथुल दोन, साहुल तीन, नाहुल चार. साहुलमधला 'सा' हा चिनी मुळाचा चार नाही. तो 'सेत', म्हणजे देशी तीन, याच्या घरातला. नाहुल 'नेत', म्हणजे देशी चार, याच्या. से-साहुल, ने-नाहुल: स ला स, न ला न. पुन्हा सांगते, साहुल तीन. हे शब्द चिनी मुळाच्या आकड्यांवर बसवायला गेलात की फसलात. बोलताना 'साम इल' म्हणजे तीन दिवस, असंही सर्रास म्हणतात, म्हणून अनेक क्लासमध्ये साहुल शिकवतच नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. बातम्यांत आणि वयस्क माणसांच्या तोंडी तो येतोच.

धीर सोडू नका, खुद्द कोरियन लोकही इथे अडखळतात. जुलै २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने १७ ऑगस्टची जादा सुट्टी जाहीर केली. शनिवार १५ ते सोमवार १७, म्हणून बातम्यांत 'साहुल सुट्टी' आलं. तीनच दिवस असताना चार का म्हणता, असं अनेकांनी विचारलं आणि 'साहुल' हा शब्द नेव्हर या कोरियन सर्च इंजिनवर सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांत वर गेला.

आपल्या 'परवा'चीही काळजी घ्या. पुढचा परवा 'मोरे', मागचा 'कुजॉक्के'. मराठी माणूस नुसतं 'परवा' म्हणाला तर क्रियापद ऐकेपर्यंत तोंड उघडू नका. महिन्यांत जून 'यूवॉल' आणि ऑक्टोबर 'शीवॉल', तिथे आकड्याचा शेवटचा व्यंजन गळतो. बाकीचे दहा सरळ आहेत.

कार्डांच्या ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. त्यात शब्द ओळखता येतो, समोरचा माणूस घाईत असताना वापरता येत नाही. मी आता कुणी दिवस सांगितला की वार आणि तारीख दोन्ही उलट विचारते: 'साहुलनंतर, म्हणजे गुरुवारी, अठरा तारखेला ना?' पहिल्यांदा विचारताना संकोच वाटला होता. समोरच्याने नुसती मान डोलावली आणि पुढे बोलू लागला.